पाडव्यापर्यंत डॉक्टर

५ जानेवारी, गुरुवार

काकांनी ऑफिसातली डायरी दिली. त्यांना दर वर्षी दोन मिळतात. एकीत काकू डब्यांची नावं लिहितात, दुसरी रद्दीत जायची. काका म्हणाले, सूर्यकांत, मनातलं यात लिहीत जा, म्हणजे जेवताना आम्हाला ऐकावं लागणार नाही. काकांचा स्वभाव विनोदी आहे.

या वर्षी संकल्प एकच. बाकीचे (व्यायाम, इंग्रजी, सिनेमे कमी) पुढच्या वर्षी.

पाडव्यापर्यंत निंबारीला डॉक्टर.

निंबारी म्हणजे आमचं गाव. सरकारी दवाखान्याची इमारत होऊन सहा वर्षं झाली. पिवळा रंग, चार पायऱ्या, आत डॉक्टरची खुर्ची. खुर्चीवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे, कारण बसायला कुणी आलंच नाही. ताप, विंचू, बाळंतपणं, सगळं हेमलताबाई नर्स एकट्या बघतात. तालुका बत्तीस किलोमीटर. एसटी दिवसातून दोनदा, तीही ड्रायव्हरच्या मनात असेल तर. दोन वर्षांपूर्वी माझी अरुणाअक्का अडली. जीप मिळेपर्यंत सकाळची दुपार झाली. अक्का वाचली. पोरगं नाही.

आता पुन्हा दिवस आहेत. एप्रिलच्या पंधरा तारखेच्या आसपास. दिवाळीला गावी गेलो होतो तेव्हा दाजी म्हणत होते, मार्च लागला की अक्काला तालुक्याला मावशीकडे नेऊन ठेवतो. मी म्हणालो, कशाला मावशीच्या दोन खोल्यांत गर्दी? पाडव्याच्या आत गावात डॉक्टर आणून बसवतो. पारावर सगळ्यांसमोर बोललो. सरपंच भाऊसाहेब म्हणाले, सूर्या, शब्द देतोस? दिला.

लोकांना वाटतं मी दिल्लीत नुसते डबे पोचवतो. पण डबे कुणाला पोचवतो? डॉक्टरांना. मेडिकलच्या हॉस्टेलवर काकूंचे तीन मराठी डबे जातात. तिघांतला एक पाहिजे. हे जमत नसेल तर चार वर्षं दिल्लीत राहून काय शिकलो?

८ जानेवारी, रविवार

आज तिघांचा नीट विचार केला.

जयंतभाऊ सगळ्यात योग्य. जन्म दिल्लीचा, वडील सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये, आता बदलीने मुंबईला, मराठी थोडं तुटकं पण मन मोठं. परीक्षा पास होऊन आता इंटर्न आहे, इंटर्नशिप ३१ मार्चला संपते. मग मोकळा. रोज डबा घेताना म्हणतो, सूर्या यार, तू नसतास तर मी भुका मेलो असतो. जो माणूस माझ्यामुळे जिवंत आहे तो माझा शब्द मोडेल का?

श्रीरंगसाहेब फार हुशार. जेवताना पण पुस्तक. डोळे वर करत नाहीत, त्यामुळे भाजी कोणती होती विचारलं तर सांगता येत नाही. गावात चालतील, गावातही बघण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या सुनीती मॅडम, त्यांची इंटर्नशिप आत्ताच सुरू झाली. मुलींच्या हॉस्टेलवर. यांना मी धरलेलं नाही. मला तुम्ही म्हणतात, म्हणजे अंतर ठेवतात. आणि प्रश्न फार.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

काकूंनी प्रत्येक डब्यात तिळगुळाची पुडी घातली. पुडीत मी चिठ्ठी घातली. तिन्ही चिठ्ठ्या रात्री बसून लिहिल्या होत्या. मजकूर: तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि निंबारीला चला. शुद्ध हवा, मोठा मान, नदी, आंबे. एक प्लॅस्टिक न काढलेली खुर्ची आपली वाट बघत आहे.

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मलाच भरून आलं.

जयंतभाऊ वाचून जोरात हसला. मित्रांना बोलावून वाचून दाखवली, हिंदीत करून. सगळे म्हणाले, वाह. जयंतभाऊ म्हणाला, यार सूर्या, तू तो शायर निकला, बिल्कुल जाणार आपण.

बिल्कुल म्हणाला. तारीख लिहून ठेवतो. चौदा जानेवारी.

श्रीरंगसाहेबांनी चिठ्ठी पुस्तकात खूण म्हणून ठेवली. म्हणजे जपून ठेवली.

सुनीती मॅडमनी विचारलं, बहिणीचं पहिलं बाळंतपण किती तास चाललं होतं? रक्त किती गेलं? दिवाळीपासून नर्सबाईंनी किती वेळा तपासलं? मी म्हणालो, मॅडम, ते बायकांचं. त्या म्हणाल्या, सूर्यकांत, तुम्ही गावाला डॉक्टर शोधताय आणि आजार कुठला ते विचारलं तर लाजताय? तिळगूळ खाऊनही असं बोलल्या.

१८ जानेवारी

काकांना प्लॅन सांगितला. काकांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा वीस मिनिटं जातात. म्हणाले, पोस्ट महाराष्ट्र सरकारची. डॉक्टरला अर्ज करावा लागतो, तिकडे नाव नोंदवावं लागतं, मग ऑर्डर निघते. तू डब्यात घालून नेशील असं नाही ते.

काकांची नोकरी एकतीस वर्षांची. इतकी वर्षं फाइलीत राहिल्यावर माणसाला सगळीकडे अडचणच दिसणार. मी म्हणालो, काका, इथे एवढं मोठं हॉस्पिटल हिंदूरावाच्या नावाने उभं आहे. तुम्हीच सांगितलं, हिंदूराव मूळचा आपलाच, ग्वाल्हेरहून आलेला. दिल्लीने एका मराठी माणसाचं नाव एवढं वापरलं, तर एक डॉक्टर परत द्यायला काय हरकत आहे?

काका काकूंकडे वळले. मग म्हणाले, प्रभा, याला अजून एक पोळी वाढ.

निरुत्तर झाले.

२२ जानेवारी, रविवार

सरकारी बाजू आज मिटवली. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये विलास रूम अटेंडंट आहे, सातारचा, माझा दोस्त. त्याने सांगितलं, आरोग्य खात्याचे एक साहेब मुक्कामाला आहेत, सकाळी सातला गरम पाण्याची बादली लागते. आज बादली मी नेली.

साहेब टॉवेलवर होते. मी बादली ठेवली आणि सगळं सांगितलं. निंबारी, खुर्ची, अक्का. साहेब आधी दचकले, मग ऐकलं. म्हणाले, अरे बाबा, जागा रिकाम्या आहेत कारण कोणी अर्जच करत नाही. तुझ्या डॉक्टरला अर्ज करायला लाव, मी आठ दिवसांत ऑर्डर काढतो. आणि आता बादली ठेव, पाणी गार होतंय.

म्हणजे महाराष्ट्र सरकारने ऑर्डर काढायचं कबूल केलं. उरलं काय? डॉक्टर फक्त.

काकांना सांगितलं नाही. त्यांना उगाच कमीपणा वाटेल.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल श्रीरंगसाहेबांना विचारलं, पुढे काय? म्हणाले, रेडिओलॉजी. म्हणजे काय? म्हणाले, फोटो बघायचे, काळ्या खोलीत बसून. पेशंटशी बोलावं लागत नाही.

रात्रभर राग गेला नाही. आज त्यांच्या डब्यातली आमटी कमी केली आणि बटाट्याच्या फोडी जयंतभाऊच्या डब्यात टाकल्या. जयंतभाऊला लाडूही जास्त, रोज. खेड्यात जाणाऱ्याने अंगाने भरलेलं असावं.

रात्री ८. काकूंना कळलं. श्रीरंगसाहेबांनी तक्रार केली नव्हती, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. जयंतभाऊनेच फोन करून काकूंना सांगितलं, काकू, आजकाल डबा एकदम शाही. काकू म्हणाल्या, अरे सूर्या, माझ्या आमटीवर तू बदल्या करायला लागलास? पंचवीस वर्षं मी परक्या गावातल्या पोरांना जेवू घालते आहे, कोण पुढे काय होणार ते बघून नाही वाढलं कधी. परत असं केलंस तर डब्यांबरोबर तुलाही धुऊन पालथा घालीन.

काकूंचं बरोबर आहे. पण मोठ्या कामात अशा गोष्टी होतात.

१२ फेब्रुवारी, रविवार

पीसीओवरून गावी फोन. फोन किराणा दुकानात आहे, मालक पोरगं पाठवून अक्काला बोलावतो. आज दाजी आले. म्हणाले, अक्काचे पाय सुजलेत, चपला जात नाहीत. सकाळी तोंडही सुजलेलं असतं. हेमलताबाईंचं ब्लड प्रेशरचं मशीन दोन महिने बंद आहे, वर कळवलंय. मग म्हणाले, सूर्यकांत, मी मावशीला विचारून ठेवू का?

मी म्हणालो, दाजी, घाबरू नका. डॉक्टर ठरला.

दाजी म्हणाले, नाव काय?

लाइनवर खरखर होती. मागे माणसं उभी होती. मीटर पळत होतं. मी म्हणालो, जयंत.

तेवढ्यात भाऊसाहेबांनी फोन घेतला. म्हणाले, डॉक्टर शाकाहारी का रे? चहात साखर किती? खोलीला निळा रंग देऊ का पांढरा? खूप हसत होते. गावात आनंद आहे.

फोन ठेवल्यावर माझे हात गार. फेब्रुवारीची थंडी.

१४ फेब्रुवारी

दुपारी मुलींच्या हॉस्टेलवर डबा देताना सहज म्हणालो, मॅडम, बाळंतपणात पाय सुजतातच ना?

चूक झाली. त्या पायरीवरच बसल्या. तोंड सुजतं का? डोकं दुखतं? डोळ्यांपुढे अंधारी? मशीन का नाही लावलं? मी म्हणालो, मशीन बंद आहे. त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सूर्यकांत, नीट ऐका. पहिलं मूल असं गेलेलं, आता ही सूज. तिला गावात ठेवायचं नाही. जिथे ऑपरेशन होतं अशा दवाखान्याजवळ न्यायचं, आत्ताच. आजच फोन करून सांगा.

मी म्हणालो, पण जयंतभाऊ पाडव्याला जाणारच आहेत.

त्या म्हणाल्या, उद्या मी स्वतः जरी तिथे जाऊन बसले ना, तरी तिला पहिल्याच दिवशी तालुक्याला पाठवीन. तिथे टेबल नाही, रक्त नाही, भूल देणारा नाही. डॉक्टर म्हणजे देव्हाऱ्यातला देव नव्हे, बसवला की झालं.

घ्या. अजून गेल्या नाहीत आणि पेशंट दुसरीकडे पाठवायची तयारी. अशांच्या हातात गाव कसं द्यायचं? बरं झालं, यांना आधीपासून धरलं नव्हतं.

फोन केला नाही. दोन दिवसांपूर्वी सांगितलेलं परत फिरवलं तर दाजींचा डॉक्टरवरचा विश्वास उडेल.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

चमत्कार! सुनीती मॅडमनी आज स्वतः विचारलं, फोन केलात का? मी म्हणालो, करतो. तर त्या वही काढून म्हणाल्या, गावाचं नाव, तालुका, जिल्हा आणि नर्सबाईंचं पूर्ण नाव सांगा.

पत्ता घेतला! मन बदललं असणार. चिठ्ठीचा परिणाम उशिरा झाला, पण झाला. अजून बरंच विचारलं. नर्सबाईंच्या मदतीला कुणी आहे का? क्वार्टरच्या दाराला आतून कडी आहे का? पाणी कुठून आणतात? मी म्हणालो, नदी सुंदर आहे. त्या म्हणाल्या, नदी, आंबे नका सांगू हो. रात्री बाई अडली तर गाडी कुठून येते ते सांगा. एकटं माणूस पाठवायचं आणि मान मोठा आहे म्हणायचं, मग ते वर्षभरात पळून गेलं की लोक म्हणतात डॉक्टरांना सेवाभाव नाही.

मी म्हणालो, गाडीचं बघून सांगतो. कुठून बघणार? गाडी नाहीच.

तरी नाव वेटिंग लिस्टवर टाकलं. जयंतभाऊ कन्फर्म, सुनीती मॅडम वेटिंग एक.

२६ फेब्रुवारी, रविवार

पानिपतला जाऊन आलो. बसने. काका म्हणाले, मराठी माणूस पानिपतला गेला की मी काळजीत पडतो. मी ब्लँकेट आणायला गेलो होतो. तिथे चांगलं मिळतं. जयंतभाऊसाठी, लाल, वाघाचं चित्र असलेलं.

आमच्या गावात कुठलीही गोष्ट पक्की करायची म्हणजे माणसांसमोर नारळ-सुपारी. लग्न असो, सालाचा गडी असो. नारळ हातात घेतला की बोलणं संपलं. त्यानंतर माणूस फिरला तर तोंड दाखवता येत नाही. म्हणून आज विलासला साक्षीला घेऊन हॉस्टेलवर गेलो. ब्लँकेट, त्यावर नारळ, त्यावर सुपारी. जयंतभाऊने दोन्ही हातांनी घेतलं! म्हणाला, अरे वा, कसला प्रसाद? आणि तिथल्या तिथे नारळ दारावर आपटून फोडला, सगळ्यांना वाटला. सुपारी तोंडात टाकली.

फोडणं रीतीत नाही. पण दिल्लीत वाढलेल्यांना कोण सांगणार? घेतला हे महत्त्वाचं.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, आमच्या ऑफिसात नारळ दिला म्हणजे माणसाला घरी पाठवला. काकू हसल्या. मी नाही हसलो.

५ मार्च, रविवार

गावी फोन. अक्का आली नाही. दाजी नाहीत. दुकानदार म्हणाला, आहेत इकडेच, कामात असतील. कसल्या कामात? म्हणाला, ते मला काय माहीत, तू पाडव्याला येतोच आहेस ना डॉक्टर घेऊन?

स्वागताची तयारी चालू असणार. बाकी काय?

१२ मार्च, रविवार

परत फोन. परत कुणी नाही. मी विचारलं, अक्काच्या पायांची सूज? दुकानदार म्हणाला, बरं आहे, बरं आहे. आणि ठेवला.

बरं आहे हे दोनदा का म्हणाला?

रात्री झोप नाही. काकू पाणी प्यायला उठल्या, मला बसलेलं बघून म्हणाल्या, सूर्या, जीव खातोय ना? मग सुटी घे आणि जा. डबे मी विलासकडून पोचवीन. मी म्हणालो, एकटा कसा जाऊ? डॉक्टर घेऊन जायचंय. काकू दिवा मालवून गेल्या.

१७ मार्च, शुक्रवार. धुळवड

रंग खेळलो नाही. सायकलवर हिंदूरावचा चढ चढताना डोक्यात एकच. बाई अडली की हातात किती तास असतात? मॅडमना विचारायला पाहिजे होतं. तासांचं त्यांनी संक्रांतीलाच काढलं होतं. पण आता विचारलं तर त्या परत विचारतील, फोन केलात का?

त्यांचा डबा आज पायरीवर ठेवून आलो. घंटा वाजवून पळालो.

२६ मार्च, रविवार

दोन तिकिटं काढली. एकतीसची गाडी. एकाच डब्यात समोरासमोर, एक खिडकी. खिडकी जयंतभाऊला.

तिकीट दाखवायला गेलो तर जयंतभाऊ रूमवर नाही. मित्र म्हणाले, शॉपिंगला गेलाय, सूटकेस घ्यायला.

सूटकेस! निघायची तयारी. छाती एवढी झाली.

३० मार्च, गुरुवार. दुपारी २

जयंतभाऊची रूम रिकामी. गादी गुंडाळलेली. कोपऱ्यात ब्लँकेट, वाघ वर. टेबलावर आपला डबा, एका वर्षात पहिल्यांदा स्वच्छ धुतलेला. आत चिठ्ठी: थँक यू सूर्या यार, आमटी मिस करेन.

दुपारी ३. शांतपणे विचार केला. आधीच निघाला असणार. एकटा, पुढे. मला सरप्राइज द्यायला. पोरखेळ करायचा स्वभावच आहे त्याचा.

संध्याकाळी ७. काकूंना त्याच्या आईचा फोन. जयंतभाऊ मुंबईला गेला, व्हिसाच्या मुलाखतीला. अमेरिकेला जायची परीक्षा जानेवारीतच पास झाला होता. आई म्हणाली, काकू, पेढे पाठवते.

चौदा जानेवारीला बिल्कुल म्हणाला होता. लिहून ठेवलंय.

३१ मार्च, शुक्रवार

गाडी रात्री आठला. सकाळी श्रीरंगसाहेबांकडे गेलो. पायाच धरले. साहेब, पंधरा दिवस चला. बहीण आहे. नंतर करा फोटोबिटो.

त्यांनी पहिल्यांदा पुस्तक मिटलं. खाली मुंडी घालून बोलले, रागाने नाही. म्हणाले, सूर्यकांत, तुझं गाव, तुझी बहीण. तू का नाही राहिलास तिथे?

मी म्हणालो, मी राहून काय करणार? तिथे मला आहे काय?

ते म्हणाले, हेच माझंही उत्तर आहे. फक्त मी नदी सुंदर आहे असं कुणाला लिहीत नाही.

मुलगा हुशार आहे, पण मूळ प्रश्नाचं उत्तर टाळतो.

मुलींच्या हॉस्टेलवर गेलो. वेटिंग एक. वॉचमन म्हणाला, मॅडम वॉर्डात, उद्या सकाळी येतील.

रात्री ११. गाडी गेली. मी स्टेशनवर होतो. दोन तिकिटं हातात, गाडी समोर, चढलो नाही. एकटा उतरलो तर पारावर काय सांगणार? आणि अक्काने दारातून विचारलं तर? गाडी हलली तेव्हा खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे बघून हात केला. का केला माहीत नाही.

१ एप्रिल, शनिवार. पाडवा

काकूंनी गॅलरीत गुढी उभारली. श्रीखंड. खालचा पंजाबी शेजारी म्हणाला, आंटीजी, आज के दिन तो लोग बेवकूफ बनाते हैं, आपने झंडा लगा दिया. काका म्हणाले, आमच्याकडे दोन्ही आजच.

फोन केला नाही. फोन आला नाही. गावात कमान उभारलेली असेल. एसटी आली असेल, सगळे दाराकडे बघत असतील. अक्का पण. सुजलेल्या पायांनी उभी.

श्रीखंडाची वाटी तशीच ठेवली. काकूंना सांगितलं, दात दुखतो.

३ एप्रिल, सोमवार

आज फोन केला. दुकान बंद, घंटा वाजत राहिली. पीसीओवाला म्हणाला, भैया, रोज आते हो, कोई मर गया क्या? त्याच्या काउंटरवर मूठ मारली. काच तडकली. माझाही हात.

कबूल करतो, कारण हे कुणी वाचणार नाही. चौदा फेब्रुवारीला मॅडमनी सांगितलेलं मी दाजींना सांगायला पाहिजे होतं. दोन वाक्यं होती. सांगितली असती तर माझा डॉक्टर खोटा पडला असता. एवढंच कारण. दुसरं शोधून बघितलं, नाही सापडलं.

४ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११

अक्काचं पत्र. तिच्याच हातचं. आधी अक्षर ओळखलं, मग जिन्यात बसलो. वाचायला दहा मिनिटं लागली, कारण दिसत नव्हतं.

अक्का तालुक्याला मावशीकडे आहे. एक मार्चपासून. बावीस मार्चला प्रेशर फार वाढलं, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन केलं. मुलगी. सव्वादोन किलो. दोघी ठीक. उतरवून ठेवतो:

"सूर्या, तुझ्या दिल्लीच्या सुनीतीबाईंचं पत्र हेमलताबाईंना आलं, त्याच दिवशी बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, बांध गाठोडं. पत्रात सगळं लिहिलं होतं, काय झालं की काय करायचं. इथल्या डॉक्टरनाही दाखवलं. तुझे दाजी म्हणाले, सूर्यकांतला सांगूया का? मी नको म्हणाले. तू फोनवर एवढा खुशीत असायचास. भाऊसाहेबांनी दुकानदाराला पण सांगून ठेवलं होतं, पोरगं लांब आहे, त्याचं मन मोडू नका. तू पाडव्याची काळजी करू नकोस. पाडव्याला कुणी वाट बघितली नाही."

शेवटचं वाक्य चार वेळा वाचलं. कुणी वाट बघितली नाही. कमान नाही. पारावर कुणी उभं नाही. पाच महिने संबंध गाव मला सांभाळत होतं.

आनंद झाला आहे. खूप झाला आहे. तरी जिन्यातून लगेच उठलो नाही.

दुपारी १. डबा घेऊन गेलो. आज घंटा वाजवून थांबलो. सुनीती मॅडम आल्या, मी सांगितलं, मुलगी, सव्वादोन किलो. त्यांनी डबा खाली ठेवला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग विचारलं, आईचं प्रेशर किती आता? पत्रात नव्हतं. म्हणाल्या, विचारून घ्या.

मग म्हणाल्या, तुम्ही फोन केला नव्हता ना? मी खालचा डबा उचलून पायरीवर ठेवला. मग धीर करून विचारलं, मॅडम, तुमची इंटर्नशिप संपल्यावर निंबारी? त्या म्हणाल्या, हो म्हणणार नाही. नाही पण म्हणत नाही. आधी हेमलताबाईंना विचारा, तिथे काय काय नाही. पूर्ण यादी. सहा वर्षांत त्यांना कुणी विचारलं नसेल. तुम्ही तर नक्कीच नाही.

आणि म्हणाल्या, उद्यापासून डबा नको. नजफगडच्या बाजूला पोस्टिंग आहे, खेड्यात, तीन महिने.

५ एप्रिल, बुधवार

नवीन संकल्प. भाषण नाही, चिठ्ठी नाही, नारळ नाही. हेमलताबाईंना पत्र लिहायचं.

सकाळी डबे देऊन आल्यावर बसलो. काकांकडून इनलँड लेटर घेतलं. नमस्कार लिहिला. मग तासभर काही सुचेना. नदी आणि खुर्ची सोडून मला लिहायला काहीच येत नव्हतं. शेवटी एवढंच लिहिलं: बाई, दवाखान्यात काय काय पाहिजे? मशीन धरून सगळं लिहा. रात्री गाडी लागली तर काय करता ते पण लिहा. मी डॉक्टर आणतो असं म्हणत नाही.

वाचलं. चिकटवलं. पत्र चांगलं झालं आहे.

बाहेर पत्ता लिहिताना खालचे सहा चौकोन रिकामे राहिले. काका म्हणाले, पिनकोड घाल, नाहीतर महिना लागेल. चोवीस वर्षांचा आहे मी, निंबारीत जन्मलो, निंबारीसाठी सरकारला कामाला लावलं, पण पिनकोड मला माहीत नाही. दिल्लीत तो एकाच माणसाला माहीत असणार, ज्यांचं पत्र पंधरा दिवसांच्या आत पोचलं. आणि त्या आज पहाटेच्या बसने गेल्या.